कंटिन्युटी

परांड्याच्या किल्ल्यात, बुरुजाच्या सावलीला
माझी इस्त्री आणि चाळीस लुगडी.
सकाळी सातपासून जनरेटर घुमतोय.
मेकअपवाला पोरांना दाढ्या चिकटवतो,
घामानं त्या दुपारपर्यंत सुटतात
आणि सरदार हनुवटी धरून जेवायला बसतात.

आज सीन बेचाळीस : सोयरीक मोडते.
किल्लेदाराच्या लेकीला कुंकू लावून गेलेला
जहागीरदाराचा पोरगा
रातोरात दिंडी दरवाजाची किल्ली देऊन
पलीकडच्यांना मिळालाय.
आता त्याचा माणूस येणार, नारळ परत करणार,
ती साखरेचं ताट उधळणार.

उधळलं. कट.
ऊन सरकलं. कट.
स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला. कट.
दर वेळी मी पळते.
मोबाईलातला फोटो बघून
पदर होता तिथं आणते,
नथ तेवढीच कलती,
तिसरी निरी अर्धं बोट बाहेर.
ह्याला कंटिन्युटी म्हणतात.
मोडलेलं दर खेपेला
न मोडल्यासारखं उभं करायचं.

हे काम मला कुणाला शिकवावं लागलं नाही.

माझी सुपारी भूमला फुटली होती.
मध्यस्थ माझाच मामा.
त्यानंच पोराला टिळा लावला,
टोपीखाली पाचशे एक ठेवले.
आई म्हणाली, भाऊ असावा तर असा.
मग पोराला तलाठ्याची ऑर्डर आली.
तीन आठवडे निरोप नाही.
चौथ्या आठवड्यात मामी आली, ब्लाउज टाकायला.
पाच नग, अस्तर लावून,
माप सत्त्वशीलेचं.
कुणाशी जमलं, मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
डबीतून टेप काढला,
सत्त्वशीला हात पसरून उभी राहिली.
छाती, कंबर, बाही, वहीत लिहिलं.
आई आतून म्हणाली, च्या ठेव.
ठेवला. साखर जास्त पडली.

लग्नाला सगळे गेलो.
तिच्या निऱ्या मीच घातल्या.
गाव बघत होतं, मी कुठं हलते का.
पदर होता तिथंच होता.

आमचा नारळ कधी परत आला नाही.
नारळ परत करायला दुष्मन लागतो,
घरच्या माणसाला एवढी रीतभात कुठली.

अकराव्या टेकला हिरोईन माझ्याकडं आली.
पुण्याची पोर, स्ट्रॉनं ताक पीत होती,
ओठाचा रंग जाऊ नये म्हणून.
“मुद्रिकाताई, मला रडूच येत नाहीये.
ताट सांडल्यावर बाई नेमकं काय करेल हो?”
माझ्या तोंडात दोन टाचण्या.
त्या निरीला लावल्या, मग म्हटलं,
साखर भरंल.
“काय?”
आधी साखर भरून घेईल. मुंग्या लागतात.

तिनं तसंच केलं.
खाली बसली, ओच्यात दाणा दाणा वेचू लागली,
नारळवाला तसाच उभा.
रोजानं आलेले भालेवाले
तंबाखू चोळायचे थांबले.
एका सरदारानं हनुवटीवरचा हात काढला
आणि दाढी पडली तरी उचलली नाही.
डायरेक्टर बराच वेळ कट म्हणाला नाही.
मग म्हणाला, छान होतं,
पण उधळ. लोकांना उधळलेलं दिसतं.

बाराव्याला उधळलं. ओके झालं.

सांजच्याला घड्या घालताना
तिच्या लुगड्याच्या ओच्यातून साखर निघाली,
चिमूटभर, मातकट.
रजिस्टरात लिहायचं होतं :
लुगडं हिरवं, जरीकाठी, एक नग. डाग नाही.
लिहिलं. सही केली.
साखर तोफेच्या तोंडाशी ठेवली.
टेम्पो सुटेस्तोवर
एक मुंगी येऊन बघून गेली होती.